कड्यांवरील ऐतिहासिक गोम्पा पाहण्यासाठी विदर्भातील गावांतून जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पिती आणि लडाखमधील जुने बौद्ध मठ पाहण्याची इच्छा वर्धा, यवतमाळ, अमरावती, वाशीम, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतील गावांमध्ये अलीकडे अनेकांना होते. कुणाला धम्माची ओढ असते, कुणाला हिमालयाची, तर कुणाला या दोन्हींची. निघण्यापूर्वी गावाकडील मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. थोडे मठ पाहावेत आणि सावकाश पाहावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे व पुढील बहुतेक उत्तरांमागे तेच आहे.

कड्यावरचे मठ म्हणजे नेमके कोणते, आणि पहिल्या खेपेला कुठे जावे?

तिकडे मठाला गोम्पा म्हणतात. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात काझा या मुख्य गावाजवळ ४,१६६ मीटर उंचीवर एका सुळकेवजा टेकडीवर की गोम्पा आहे, आणि स्पिती व पिन या नद्यांच्या संगमावर, झिजलेल्या मातीच्या सुळक्यांच्या टोकावर ढंकर गोम्पा आहे. लडाखमध्ये लेहपासून सुमारे १९ किलोमीटरवर ठिकसे, श्रीनगर-लेह रस्त्यावर लामायुरू आणि नुब्रा खोऱ्यात दिस्कित हे मठ अशाच उंचवट्यांवर आहेत. लडाखमधीलच झंस्कर खोऱ्यातील फुगताल तर कड्यातील एका मोठ्या गुहेच्या तोंडाशी बांधलेला आहे. तेथे पोहोचायला काही वाट पायीच तुडवावी लागते, म्हणून पहिल्या खेपेला तो बाजूला ठेवावा.

विदर्भातून प्रथमच जाणाऱ्यांनी लडाखऐवजी स्पिती निवडावे, तेही शिमला आणि त्यापुढील किन्नौर जिल्ह्याच्या मार्गाने, असा आमचा सल्ला आहे. त्याचे कारण उंचीशी संबंधित आहे आणि ते पुढे सविस्तर दिले आहे.

इतक्या अडचणीच्या जागी मठ का बांधले?

याला एकच कारण नाही. या खोऱ्यांमध्ये पाऊस फार थोडा पडतो. वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटांनी आणून जेवढी जमीन भिजवता येते तेवढीच पिकते, त्यामुळे जव आणि वाटाणा पिकणारी सपाट जागा बांधकामात घालवणे कुणालाच परवडणारे नव्हते. कास्तकाराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. खडकावर बांधलेली इमारत नदीच्या पुरापासून सुरक्षित राहते, तिला हिवाळ्यात ऊन अधिक वेळ मिळते आणि खोऱ्यात कोण येत आहे हे दुरूनच दिसते. हल्ल्यांचे भय खरेच होते. की गोम्पाने सतराव्या शतकात मंगोल सैन्याचा आणि १८४१च्या सुमारास जम्मूच्या डोगरा सैन्याचा तडाखा सोसला. पुढे आगीने आणि १९ जानेवारी १९७५ रोजी झालेल्या किन्नौरच्या भूकंपाने त्याची हानी केली. प्रत्येक वेळी पडलेल्या भागावर किंवा त्याच्या शेजारी नव्या खोल्या उभ्या राहिल्या. त्या मठाला आज जो एकावर एक रचलेल्या खोल्यांचा, किल्ल्यासारखा आकार दिसतो, तो या पडझडीतून आणि पुन्हा केलेल्या बांधकामातून आलेला आहे. म्हणूनच आत शिरल्यावर अरुंद बोळ, ठेंगणी दारे आणि अंधारे जिने लागतात. कपाळ सांभाळावे.

साधनेसाठी एकांत हवा, हेही कारण आहेच, परंतु हे मठ गावापासून तुटलेले कधीच नव्हते. गावातील घरांमधून मुले तेथे शिकायला जातात, गावाच्या धान्यावर मठ चालतो, आणि जन्म, आजार व मृत्यू या प्रसंगी लामा गावात उतरतात.

आपल्याकडील लेण्यांशी यांचा काही संबंध आहे का?

थेट बांधकामाचा संबंध नाही, पण धम्माचा आणि चित्रपरंपरेचा आहे. बुलढाण्याच्या सीमेपलीकडे लगेच लागणारी अजिंठ्याची लेणी हेही कड्यातील विहारच आहेत. वाघोरा नदीच्या नालाकृती कड्यात भिक्खूंच्या निवासासाठी आणि वंदनेसाठी ते कोरले गेले. त्यांतील सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अर्पण केले. हरिषेण ज्या शाखेचा होता त्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. अजिंठ्याच्या कामामागे विदर्भातील राजसत्तेचा हात होता, ही गोष्ट आपल्या भागातील किती तरी लोकांना माहीत नसते, याचे वाईट वाटते.

अजिंठ्याची वैभवाची शतके सरल्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी, इ.स. ९९६ मध्ये, स्पितीतील ताबो मठाची स्थापना झाली. अनुवादक रिन्चेन झांगपो याच्या काळात पश्चिम हिमालयात जे मठ उभे राहिले, त्यांमध्ये काश्मीरच्या कलेचा ठसा असलेली चित्रे आणि मातीच्या मूर्ती आल्या. ताबोच्या भिंतींवर त्या आजही आहेत. ताबो कड्यावर नाही, खोऱ्याच्या तळाशी आहे. तरीही तो वगळू नये, कारण तो पाहिल्यावर वरच्या मठांमधील चित्रे समजू लागतात. शक्य असेल तर निघण्यापूर्वी अजिंठा आणि भद्रावतीची विजासन लेणी पाहून घ्यावीत.

शेतीची कामे सांभाळून कोणत्या काळात जाता येईल?

दोन वेळा सोयीच्या आहेत. पहिली मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. नांगरणी-वखरणी झालेली असते, मृगाला अवकाश असतो, आणि आपल्याकडील शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्याने मुलेही मोकळी असतात. या काळात शिमला-किन्नौरकडून काझापर्यंतचा रस्ता साधारणपणे चालू असतो, परंतु मनालीकडून येणाऱ्या वाटेवरील ४,५५१ मीटर उंचीची कुंझुम खिंड बहुधा बर्फाखालीच असते. ज्या वाटेने जाल त्याच वाटेने परत यायचे आहे, असे धरून चालावे.

दुसरी वेळ पोळ्यानंतरची. डवरणी आणि निंदण आटोपलेले असते आणि सोयाबीन कापणीला यायचे असते. तिकडे सप्टेंबरच्या मध्यापासून पाऊस ओसरतो, आकाश स्वच्छ होते आणि दोन्ही बाजूंचे रस्ते उघडे असतात. आमच्या मते हीच वेळ अधिक चांगली आहे. मात्र ज्यांचे सोयाबीन लवकर येणाऱ्या वाणाचे आहे त्यांनी हिशेब करूनच निघावे. जुलै-ऑगस्टमध्ये स्पिती आणि लडाख स्वतः पर्जन्यछायेत असले तरी तिकडे नेणाऱ्या किन्नौर व कुलूच्या रस्त्यांवर दरडी कोसळतात, त्यामुळे त्या दिवसांत जाऊ नये.

गावातून तेथपर्यंत कसे पोहोचावे?

बल्लारशा, चंद्रपूर, सेवाग्राम आणि नागपूर ही स्थानके दिल्लीच्या मुख्य लोहमार्गावरच आहेत. नागपूरहून दिल्ली सुमारे १,१०० किलोमीटर आहे. दिल्लीहून कालका मार्गे किंवा बसने शिमला, आणि तेथून सतलजच्या काठाने किन्नौरमधून काझा असा सुमारे ४२० किलोमीटरचा डोंगरी प्रवास आहे. रेकाँग पिओपासून काझाला हिमाचलची सरकारी बस जाते. दहा-बारा जणांचा जथा असेल तर शिमल्याहून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवणे सोपे पडते. घरून निघून घरी परत येईपर्यंत किमान दोन आठवडे धरावेत. आठ दिवसांत स्पिती दाखवतो असे सांगणाऱ्याच्या गाडीत बसू नये.

तेथे श्वास घ्यायला त्रास होतो असे ऐकतो. त्यात किती तथ्य आहे?

पूर्ण तथ्य आहे, आणि या पानावरील सर्वांत काळजीपूर्वक वाचण्याचे उत्तर हेच आहे. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण उंचीवरही सुमारे २१ टक्केच असते, पण हवेचा दाब घटतो. ३,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास ६५ टक्के आणि की गोम्पाच्या उंचीवर सुमारे ६० टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला कमी ऑक्सिजन मिळतो. नागपूर जेमतेम ३१० मीटरवर आहे. विमानाने लेहला उतरणारा माणूस एका दिवसात तीन हजार मीटरांहून अधिक वर चढतो आणि शरीराला सवय होण्यास वेळच मिळत नाही.

शिमला सुमारे २,२०० मीटर, कल्पा सुमारे २,९६० मीटर, ताबो सुमारे ३,३०० मीटर आणि मग काझा, अशी पायरीपायरीने चढण किन्नौरच्या मार्गावर आपोआप मिळते, आणि तो मार्ग सुचवण्याचे कारण हेच. कल्पात दोन रात्री आणि ताबोत दोन रात्री काढून मगच काझाला जावे. तीन हजार मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, हा वैद्यकीय नियम सर्वत्र मानला जातो. ज्यांना लेहला विमानानेच जायचे आहे त्यांनी पहिले दोन दिवस काहीही पाहायला जाऊ नये.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे आणि झोप न येणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. ती दिसल्यास त्याच उंचीवर थांबावे आणि बरे वाटेपर्यंत वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, फेसाळ खोकला, चालताना तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी रात्र असो वा दिवस, रुग्णाला ताबडतोब कमी उंचीवर उतरवावे आणि रुग्णालयात न्यावे. स्पितीतून खाली उतरण्याची वाट किन्नौरकडची आहे हे चालकाला आधीच सांगून ठेवावे. बाजारात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा थोड्या मिनिटांचा आधार देतो, तो खाली उतरण्याला पर्याय ठरत नाही. ॲसिटाझोलामाईड हे औषध काहींना उपयोगी पडते, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्णपणे टाळाव्यात.

घरात सिकलसेल आहे. तरी जाता येईल का?

प्रवासाच्या माहितीत हा प्रश्न क्वचितच दिसतो, पण विदर्भातून जाणाऱ्यांसाठी तो अत्यंत महत्त्वाचा आहे, कारण आपल्या भागातील अनेक समाजांमध्ये सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारात रक्तातील ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात. उंचीवर नेमका ऑक्सिजनच कमी असतो. ज्यांचा अहवाल एसएस आहे, म्हणजे जे रुग्ण आहेत, त्यांनी या उंचीवर जाऊ नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

एएस म्हणजे वाहक असलेल्या व्यक्ती गावात अगदी धडधाकट असतात, वावरात दिवसभर राबतात, आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. मात्र सुमारे तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर काही वाहकांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडतो आणि पोटाच्या डाव्या बाजूला, बरगड्यांखाली तीव्र वेदना सुरू होतात. असे क्वचितच घडते, परंतु घडते, आणि काझासारख्या दूरच्या ठिकाणी ते जिवावर बेतू शकते. म्हणून जथ्यातील प्रत्येकाने निघण्याच्या महिनाभर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून तपासणीवर अधिक भर दिला जात आहे. पहिली चाचणी सकारात्मक आल्यास पुढील चाचणीने रुग्ण की वाहक हे निश्चित करून घ्यावे. वाहक असल्यास डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून निर्णय घ्यावा, आणि तेथे पोटात डावीकडे दुखू लागले तर ते गॅसमुळे असेल असे समजून अंगावर काढू नये.

हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी आणि गर्भवती महिलांनीही डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय तिकीट काढू नये.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना वर चढता येईल का?

की आणि ठिकसे येथे वाहन मठाच्या बरेच जवळ जाते, पुढे पायऱ्या चढाव्या लागतात. ढंकरची चढण अधिक त्रासाची आहे. महिनाभर आधीपासून रोज पायी चालावे आणि रामटेकची टेकडी किंवा मुक्तागिरीच्या पायऱ्या चढून पाहाव्यात. याने पाय तयार होतात. विरळ हवेची सवय मात्र याने होत नाही, कारण चिखलदऱ्याची उंचीही सुमारे १,१०० मीटरच आहे. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी ताबो उत्तम आहे.

आम्ही विहारात नेहमी जातो. तेथे काही वेगळे पाळावे लागते का?

पादत्राणे बाहेर काढणे, टोपी उतरवणे, मूर्तीकडे पाय करून न बसणे हे सारे आपल्या विहाराप्रमाणेच आहे. स्तूप, मणी-भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) आणि प्रार्थनाचक्रे यांना उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा घालावी. भिक्खूंना आपण भन्तेजी म्हणतो, तिकडे त्यांना लामाजी म्हणतात, आणि भेटल्यावर ‘जुले’ म्हटले की समोरचा चेहरा खुलतो. आपली वंदना पालीत असते, तेथील पठण तिबेटी भाषेत चालते. आपल्या जथ्याने त्रिसरण-पंचशील म्हणायचे ठरवले तर आधी तेथील लामांना विचारावे आणि त्यांच्या पठणाची वेळ सोडून, हळू आवाजात म्हणावे. ध्वनिक्षेपक, घोषणा आणि एकसारखे फोटो काढत फिरणे यांना तेथे जागा नाही.

ठिकसेला सकाळच्या प्रार्थनेला पाहुण्यांना बसू देतात. छतावरून शंख व कर्णे वाजतात, मग मुख्य सभागृहात पठण सुरू होते आणि मध्येच लहान श्रामणेर चहाची किटली घेऊन रांगेतून फिरतात. भिंतीलगत बसावे आणि शेवटपर्यंत बसावे. पाच मिनिटे डोकावून उठून जाणाऱ्यांमुळे पठणात व्यत्यय येतो. हे पठण सबंध ऐकण्यासाठी एखादा मठ पाहायचा राहिला तरी चालेल, असे आम्हांला मनापासून वाटते.

काही खोल्यांत उग्र, भयंकर मूर्ती दिसतात. बुद्धाच्या धम्मात त्या कशा?

हा प्रश्न गावातील जाणती माणसे हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. तिबेटी परंपरा वज्रयानाची, म्हणजे मंत्र-तंत्रावर भर देणाऱ्या बौद्ध पंथाची आहे. त्यात महाकालासारख्या धर्मपालांची, म्हणजे धम्माच्या रक्षक देवतांची, रूपे आहेत. अज्ञान, द्वेष आणि लोभ यांचा नाश करणारी शक्ती म्हणून ती उग्र दाखवली जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या धम्माच्या मार्गाने चालणाऱ्या उपासकाला या पूजापद्धती परक्या वाटू शकतात, आणि त्यांत सहभागी होण्याची सक्ती कुणी करत नाही. पाहावे, शंका असेल तर आदराने विचारावे, तेथेच वाद घालू नये. धर्मपालांच्या खोलीत काही मठांमध्ये महिलांना प्रवेश नसतो. ही प्रथा आम्हांला पटत नाही, पण पाहुण्याने दारातून बळजबरीने आत जाणे योग्य नाही. अनेक ठिकाणी भिक्षुणींचेही मठ आहेत, तेथे अवश्य जावे आणि दान द्यावे.

आत फोटो काढता येतात का?

ताबोच्या जुन्या मंदिरांमध्ये मनाई आहे. इतरत्र विचारून आणि फ्लॅश बंद करूनच काढावेत.

इमारती मातीच्या आहेत असे ऐकले. त्या धोकादायक आहेत का?

भिंती दगडाच्या आणि कच्च्या विटांच्या, छत पॉपलर व विलोच्या लाकडांवर माती दाबून केलेले, अशी ही रचना असते. बुलढाणा-अकोल्याकडे धाब्याच्या घरात वाढलेल्यांना ती लगेच ओळखीची वाटेल, आणि सतत पाऊस लागला तर अशा छताचे काय होते हेही त्यांना ठाऊक असेल. कोरड्या हवेत शतकानुशतके टिकलेल्या या इमारतींना आता अवेळी आणि जोराच्या पावसाचा धोका आहे. ऑगस्ट २०१० मध्ये लेहमध्ये झालेल्या ढगफुटीने तो सर्वांच्या लक्षात आणून दिला. ढंकरचा जुना मठ ज्या सुळक्यावर आहे तो सुळकाच झिजत आहे, आणि २००६ मध्ये जागतिक पातळीवरील शंभर संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत त्याचा समावेश झाला. तेथे एका वेळी थोड्याच लोकांनी आत जावे. जथा मोठा असेल तर चार-पाच जणांचे गट करून आळीपाळीने जावे, छतावर गर्दी करू नये, भिंतींना टेकू नये आणि चित्रांना हात लावू नये. दानपेटीत टाकलेले पैसे या दुरुस्त्यांना लागतात. चहापाण्यावर जेवढा खर्च होतो त्याहून अधिक तेथे द्यावा.

जेवणाखाण्याचे कसे?

डाळ-भात, पोळी, भाजी सर्वत्र मिळते. थुक्पा (शेवयांचे सूप) आणि मोमो शाकाहारीही असतात. भाजलेल्या जवाचे पीठ हे तेथील नेहमीचे अन्न आहे आणि सातूचे पीठ खाणाऱ्या माणसाला ते सहज आवडते. लोणी-मिठाचा चहा पहिल्या घोटाला विचित्र लागतो, तरी लामांनी दिलेला नाकारू नये. उंचीवर भूक मंदावते, म्हणून सोबत शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, ठेचा आणि गूळ ठेवावा. काही मठ आणि त्यांच्या पायथ्याची गावे मुक्कामाची साधी सोय करतात. हॉटेलपेक्षा तेथे राहावे.

परवाना, पैसे आणि मोबाईल यांविषयी काय माहीत असावे?

भारतीय नागरिकांना स्पितीसाठी परवाना लागत नाही, आधार कार्ड जवळ असावे. लडाखमधील नुब्रासारख्या सीमेलगतच्या भागांसाठी परवान्याचे नियम बदलत असतात, ते लेह जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत. आपले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते, म्हणून जथ्यात किमान दोघांकडे पोस्टपेड असावे. रोख रक्कम शिमल्यातच काढून ठेवावी. नेटवर्क गेले की मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत.

कपडे किती न्यावेत?

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर असताना तेथे रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी असू शकते. एक जाड जाकीट, लोकरी टोपी, मोजे आणि आतून घालायचे गरम कपडे पुरेसे आहेत. ऊन मात्र तीव्र असते, त्यामुळे गॉगल आणि दुपट्टा लागतोच.

उत्सवाच्या वेळी जावे का?

लडाखमधील हेमिसचा उत्सव जून किंवा जुलैमध्ये येतो आणि त्यात लामांचे मुखवटा-नृत्य होते. तेथील भव्य थंका (कापडावरील धार्मिक चित्रे) बारा वर्षांतून एकदा उलगडतात. तो प्रसंग २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे. पहिल्याच खेपेला इतक्या गर्दीत जाऊ नये. शिवाय तो काळ पेरणीचा असतो.

शाळेतील मुलांना सहलीला नेता येईल का?

चौदा-पंधरा वर्षांखालील मुलांची सामूहिक सहल या उंचीवर नेऊ नये. लहान मुलांना त्रास होत असला तरी तो नीट सांगता येत नाही आणि एका शिक्षकाला तीस मुलांवर लक्ष ठेवणे शक्य नसते. आई-वडिलांसोबत, तपासणी करून आणि किन्नौरच्या मार्गाने सावकाश गेल्यास मोठी मुले जाऊ शकतात. शाळेने सहल काढायचीच असेल तर एका वर्षी भद्रावती आणि पुढच्या वर्षी अजिंठा असा क्रम ठेवावा. मुलांना आधी वर्गात वाकाटकांचा काळ शिकवावा आणि लेण्यांमध्ये पोहोचल्यावर प्रत्येक लेण्यात घाईने फिरवण्याऐवजी दोन-तीन लेण्यांमध्ये अर्धा-अर्धा तास बसवावे.